प्रुइटची साक्ष

“मी नेम धरून मारलं,” वेंडेल प्रुइट म्हणाला. “अपघात-बिपघात काही नव्हता.”

बर्नदीताने रेकॉर्डर त्याच्याजवळ सरकवला. माजी सैनिकांची कामं बघणारी ही मुलगी सकाळीच बेटावरच्या उमाताक गावी आली होती. प्रुइट तर थेट टेनेसीहून, अख्खा समुद्र ओलांडून आला होता. तैतागेंच्या परसात, चुलीपाशी टेबल मांडलं होतं. एका बाजूला प्रुइट, आणि समोर ज्याच्यावर त्याने गोळ्या झाडल्या होत्या तो, त्याच्याच तुकडीतला एनरिके तैतागे. एनरिकेची बायको रेमेदियोस लाल भाताखालचा जाळ मागे ओढत होती.

“तुन एनरिके, परत एकदा सांगते,” वडीलधाऱ्यांना लावतात तसं आदराने ‘तुन’ लावून बर्नदीता म्हणाली. “आपल्याच माणसाच्या हातून जखम झाली तरी पदक मिळतं. पण ती त्याने लढाईच्या धुमश्चक्रीत, शत्रू समजून, जीव घ्यायच्या इराद्याने केलेली असली पाहिजे. फौजेच्या नोंदीत ‘अपघात’ लिहिलंय. तो शब्द तिथे आहे तोवर काही मिळायचं नाही.”

“मग खोडा तो शब्द,” एनरिके म्हणाला.

त्या शब्दापायी त्याचा मेहुणा दर सणाच्या पंगतीत मोठ्याने विचारायचा, “काय रे, यंदा कुठे पडलास स्वतःच्या बंदुकीवर?” सगळे हसायचे. एनरिकेही हसून वेळ मारून न्यायचा. व्हिएतनामहून परतल्यापासून हेच चाललं होतं.

प्रुइट खाली बघत बोलू लागला. “ट्रकांचा ताफा खिंडीत अडकला. पुढचा ट्रक सुरुंगावर गेला, आणि मग दोन्ही अंगांनी गोळ्या. याचा ट्रक पेटला.”

“माझा शर्टही पेटला,” एनरिके म्हणाला. “फाडून फेकला. बंदूक आत जळत होती. चाक खोलायचा लोखंडी पाना हाताला लागला, तो घेऊन उडी मारली. समोर त्यांचा एक जण. त्याची बंदूक अडकली होती. घातला पाना डोक्यात. तो मटकन खाली बसला. परत घातला. कवटी फुटली तरी घालतच होतो. हात थांबेना.”

रेमेदियोसचा हात मात्र जाळावरच थांबला. नवऱ्याच्या तोंडून तिने हे कधी ऐकलं नव्हतं.

“मी धुरातून पुढे आलो,” प्रुइट म्हणाला. “बघतो तर आमच्या ट्रकजवळ एक उघडा माणूस. बुटका, काळासावळा, रक्ताने माखलेला. प्रेतावर बसून पाना हाणतोय. मला वाटलं, प्रेत आमच्याच पोराचं. दोन गोळ्या घातल्या. एक खांद्यात गेली, एक पोटात.”

“मग?”

“तरी रांगत माझ्याकडे यायला लागला. माझ्या गोळ्या संपल्या होत्या. संगीन खुपसली. ती बरगडीत अडकली. छातीवर पाय देऊन उपसली.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “परत खुपसली. याने पातं मुठीत धरलं. मी ढकललं. बोटं तुटून पडली.”

एनरिकेचा डावा हात टेबलावर होता. त्याला अंगठा आणि एकच बोट होतं. त्याने तो काढून घेतला नाही.

“तुम्ही यांना शत्रूच समजत होतात?” बर्नदीताने विचारलं.

“हो.”

“शेवटपर्यंत?”

“त्याने मला हाक मारली. प्रुइट म्हणून. त्याच दिवशी सकाळी आम्ही दोघांनी एका डब्यातून पीच खाल्ले होते.”

“हाक कधी मारली? दुसऱ्यांदा खुपसायच्या आधी, की नंतर?” ती अवघडली. “मला हे विचारावंच लागणार. आधी मारली असेल, तर हा आपला माणूस आहे हे तुम्हाला कळलं होतं. मग ती लढाईतली जखम राहत नाही. तो खुनाचा प्रयत्न होतो.”

प्रुइटचा जबडा हलला. “मी इतक्या लांब आलो ते खरं काय ते…”

“नंतर,” एनरिके म्हणाला. “हाक मी नंतर मारली. एवढा धूर होता, त्याला काय दिसणार? लिही.”

“हे यांनी सांगायला हवं, तुन.”

एनरिकेने प्रुइटच्या डोळ्याला डोळा दिला. “सांग तिला.”

“नंतर,” प्रुइट म्हणाला.

बर्नदीताने रेकॉर्डर बंद केला, सह्या घेतल्या. “आता होईल काम,” म्हणाली आणि गेली. तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत दोघे म्हातारे तिकडेच बघत राहिले.

“तू असं का सांगितलंस?” प्रुइटने हळूच विचारलं.

“मला पदक पाहिजे. तुझ्यासाठी काही केलं नाही.”

रेमेदियोस दोन ताटल्या घेऊन आली. लाल भात, भाजलेली कोंबडी, वर मिरचीची तिखटजाळ फिनादेनी चटणी. एक तिने नवऱ्यापुढे ठेवली. दुसरी हातातच धरून ती प्रुइटसमोर उभी राहिली.

“लग्न झाल्यापासून हे झोपेत ओरडतात,” ती म्हणाली. “प्रुइट, प्रुइट. मला वाटायचं, मेलेला कुणी दोस्त असेल. चर्चमध्ये तुझ्या नावाने मेणबत्ती लावत आले मी.”

प्रुइटने मान वर केली.

“आधी तुझं नाव घेतात. किंकाळी त्याच्यानंतर.”

तिने ताटली त्याच्यापुढे ठेवली, आणि तो पहिला घास घेईपर्यंत ती तिथून हलली नाही.