बोटांना पटेल तो

“आकड्याला भुलू नका बाई,” कॉम्प्युटरच्या दुकानातला कृष्णात म्हणाला आणि त्यानं दोन्ही लॅपटॉप काउंटरवर शेजारी शेजारी उघडून ठेवले. “समदी तिथंच फसत्यात.”

गोदावरीबाई स्टुलावर टेकल्या. साताऱ्याहून सांगलीपर्यंत एसटीत निम्मा वेळ उभ्यानं आल्या होत्या. पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि मन त्याहून.

दातार वकिलांच्या ऑफिसात एकवीस वर्षं त्यांनी टाइपरायटर बडवला होता. आता वकिलांनी लॅपटॉप घ्यायचं ठरवलं आणि तो निवडायला पाठवलं कुणाला, तर त्यांनाच. पहिल्या बायकोलाच सवत पसंत करायला धाडावं, तसलं हे काम.

“मला त्यातलं काही कळत नाही,” दातार म्हणाले होते. “तुमच्या बोटांना पटेल तो आणा.”

यामागचं गोदावरीबाईंना न कळायला काय झालं? वकिलांचे डोळे वर्षभरात फारच अधू झाले होते. भाचा निमिष पुण्यात यंदाच वकील झाला होता आणि स्वतःचं टायपिंग स्वतःच करायचा; त्याला टायपिस्ट लागणार नव्हती. ‘दिवाळीनंतर ऑफिसचं बघायला ये,’ असं वकील त्याला फोनवर सांगत होते, ते गोदावरीबाईंनी या कानांनी ऐकलं होतं. लेक स्वानंदीचं मिरजेतलं नर्सिंग संपायला अजून दोन वर्षं होती. नवरा नव्हता. पन्नाशीच्या टायपिस्टला सत्त्याण्णव साली नोकरी कोण देणार?

“हा एकशे तेहतीसचा, हा एकशे सहासष्टचा,” त्यांनी झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. “मग हा दुसराच जोरात चालणार की.”

“आवं, तो आकडा निस्ता मेंदूचा, प्रोसेसरचा. मेंदू कितीबी पळू दे, मेमरी नको का? ह्या मोठ्या आकडेवाल्यात मेमरी आठ एमबी हाय, त्या धाकल्यात बत्तीस.”

“मेमरी म्हणजे कागद साठवतात ती जागा?”

“न्हाई, साठवायची ती हार्ड डिस्क. मेमरी म्हंजे चालू कामापुरती.”

गोदावरीबाईंनी जरा विचार केला. “म्हणजे कोर्टातल्या क्लार्कचं टेबल. टेबल मोठं असलं, तर लागणारी सगळी फाइल समोर मांडता येते. एवढंसं असलं, तर एकेका कागदासाठी शिपायाला रेकॉर्ड रूमला पळवायचं. क्लार्क हुशार असून उपयोग काय? तो आपला शिपायाची वाट बघत बसणार.”

कृष्णात बघतच राहिला. “बाई, तुमीच बसा की माज्या काउंटरला! म्या चार वर्सं गिऱ्हाइकांस्नी सांगतोय, येकाच्याबी टकुऱ्यात शिरंना.”

त्यानं चहा मागवला आणि दोन्हींवर मराठी अक्षरांचा एकच मजकूर उघडून दाखवला. धाकट्या आकड्यावर गोदावरीबाईंचा पहिला घोट व्हायच्या आत तो उघडला. मोठ्या आकड्यावर कप रिकामा झाला तरी आत नुसती घरघर चालली होती.

“शिपाई पळतोय,” कृष्णात हसला. “मग, बत्तीसवाला बांधू?”

गोदावरीबाईंनी कप खाली ठेवला. “आठवाल्यात नंतर मेमरी वाढवता येते?”

“न्हाई. त्याला लागणारा पार्ट कंपनीनं बंद केलाय. म्हणून तर पडून हाय.”

“दुकान परत घेतं?”

“येकदा नेला की तुमचा.”

“मग तोच द्या.”

“आवं बाई, आत्ता तर तुमीच...”

“एकशे सहासष्ट म्हणजे मोठा आकडा. आमच्या साहेबांना मोठा आकडा आवडतो,” त्या म्हणाल्या. असलं खोटं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. ते फार सहज निघालं, याचंच त्यांना वाईट वाटलं.

कृष्णातनं कपाळावर हात मारला आणि वकिलांनी सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर रक्कम लिहिली.

परतीच्या एसटीत त्यांना बसायला जागा मिळाली. लॅपटॉप मांडीवर धरून त्या खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिल्या. निमिष दोन महिने या घरघरीशी झुंजेल. तारखेच्या दिवशी प्रतिज्ञापत्र वेळेत निघायचं नाही. मग कंटाळून हे कपाटात टाकतील आणि म्हणतील, बोलवा बाईंना. दोन वर्षं. एवढीच तर हवी होती. एकवीस वर्षांत ज्या माणसानं एकदाही आवाज चढवला नाही, त्याला आपण फसवतोय, हा विचार कराडपर्यंत टोचत राहिला. पुढे थकव्यानं तोही पेंगुळला.

दातार वकील डोळ्यांत औषधाचे थेंब घालून खुर्चीत मान मागे टाकून बसले होते.

“आलात? बोटांना पटला?”

“पटला, साहेब.”

“मग लावा. एक कागद आजच करून टाकू.” महत्त्वाचं काही असलं की दातार ते तोंडी कधी बोलत नसत, मजकूरच सांगत. त्यांनी घसा साफ केला. “घ्या. मी खाली सही करणार, वासुदेव रामचंद्र दातार, वकील, लिहून देतो की, माझी दृष्टी गेल्यामुळे येत्या दिवाळीपासून मी वकिली बंद करत आहे.”

गोदावरीबाईंची बोटं सवयीनं चालत राहिली.

“ऑफिस माझा भाचा निमिष आवरील. तो पुण्यातच वकिली करणार असल्याने त्यास या जागेची गरज नाही. सबब पुढची खोली, तसेच आज सांगलीहून त्यांच्याच पसंतीने आणलेला लॅपटॉप, स्वतःचा टायपिंगचा व्यवसाय चालवण्यासाठी मी श्रीमती गोदावरी केशव साने यांना कायमस्वरूपी देत आहे. झालं?”

स्क्रीनवर अजून ‘मी खाली सही करणार’ एवढंच उमटलं होतं.