खिडकीतला समुद्र

सहल कंपनीच्या जाहिराती लिहिणारा तो सहा वर्षांत आपल्या किनाऱ्यावरच्या गावी फिरकला नव्हता, पण त्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. नवं माहितीपत्रक काढायचं झालं की तो आईला फोन लावायचा, "आई, खिडकीतून समुद्र कसा दिसतोय गं? पटकन सांग, घाईत आहे." आई भरभरून सांगायची, कधी निळ्याशार पाण्यावरच्या होड्या, कधी ओल्या वाळूवर उतरलेले बगळे. तो जसंच्या तसं उतरवून घ्यायचा आणि गावात पर्यटकांची रीघ लागायची.

परवा एक गिऱ्हाईक तावातावाने ऑफिसात आलं. "कसला डोंबलाचा खिडकीतला समुद्र! तिथल्या सगळ्या घरांपुढे चार मजली हॉटेल उभं आहे. दोन वर्षं झाली म्हणे!"

साहेबांसमोर तो तोंडघशी पडला. तणतणतच त्याने आईला फोन लावला. "समुद्र दिसत नाही, तर दोन वर्षं मला थापा कशाला मारल्यास?"

"चुकलंच रे माझं," आई ओशाळून म्हणाली.



"पण दिसत नाही म्हटलं असतं, तर तू फोन कशाला केला असतास?"