शालीखालचा सौदा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एकेकाळच्या नटी सुंदरबाईंचा सत्कार होता. शेजारी नवरा बसलेला, त्याच्यापलीकडे याच भागातला जुना निर्माता. बाईंची दारू, दगावलेलं बाळ, सगळं दाखवणारी मालिका त्याला काढायची होती. सत्कार त्याच्याच हातून व्हायचा होता, म्हणून शाल त्याच्या मांडीवर होती. तिच्याखाली नवऱ्याचा हात शिरला, तसं बाईंचं डोकं सणकलं. बाई घोड्यांच्या व्यापाऱ्याची लेक. कापडाखाली बोटं दाबून सौदा कसा ठरतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांचे चाळीस सिनेमे नवऱ्यानं असेच परस्पर ठरवले होते. "कितीला?" विचारलं की खेकसायचा, "घोडी कधी भाव इचारस का?" बाई ताडकन उठल्या. त्यांनी शाल खसकन ओढली. एकमेकांची बोटं धरलेले दोन हात भर बाजारात उघडे पडले. बाईंनी सूत्रसंचालकाचा माईक हिसकावला. "आज घोडी भाव इचारी ऱ्हायनी. सांगा, कितलामा इकी?"