तिसरा खिळा

"मालकांचे आकडे जसेच्या तसे चढवू नकोस हं, ताई," गाडीत बसता बसता मिस्त्री म्हणाला. "शेवटी शेवटी त्यांचा अंदाज चुकायला लागला होता."

गाडी तीच होती. आठ महिन्यांपूर्वी याच वर्कशॉपात, चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या याच रोलरवर, पूर्ण जोरात असताना तिचा पिस्टन वितळला होता. आता नवा पिस्टन बसवून ती परत आली होती, आणि ताईचे बाबा, वर्कशॉपचे मालक, आता राहिले नव्हते.

जुना पिस्टन भिंतीवर होता. इथली रीतच ती. ज्याच्या चुकीने जो भाग जाईल, तो त्याच्या खिळ्याला तारेने टांगायचा. मालक, मिस्त्री, ताई असे तीन खिळे. मिस्त्रीचा ओझ्याने वाकलेला. ताईचा रिकामा. "पोरीनं नाक राखलंय आमचं," असं म्हणत बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवायचे. हा पिस्टन त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्या खिळ्याला टांगला आणि इंजिनाचे आकडे भरायच्या लॅपटॉपला पुन्हा हात लावला नाही. दिवसभर दारातल्या खुर्चीत बसून असायचे. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, "पोरीला विचारा. आमचा काही भरवसा नाही."

तिने त्यांची फाइल उघडली. पूर्ण जोराच्या रकान्यात १२.५. एक भाग पेट्रोलला साडेबारा भाग हवा. बाबा लॅम्डाच्या भानगडीत पडत नसत. पेट्रोल पुरतं जळायला जितकी हवा लागते त्या आकड्याने भागलं की लॅम्डा; तो भागाकार सॉफ्टवेअर करायचं. १२.५ भागिले १४.७, म्हणजे ०.८५. इंजिन तापू नये इतकं जास्तीचं पेट्रोल. तीस वर्षं त्यांना हा आकडा पाठ होता.

पण पडद्यावर लॅम्डा ०.८९ दिसत होता. पेट्रोल कमी, ताप जास्त.

तिने भाजक पाहिला. १४.१.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये कमी हवेत जळणारं अल्कोहोल मिसळायला लागल्यावर भाजक बदलायलाच हवा होता. मात्र मग साडेबाराच्या जागी बारा भरायचे, हे भरणाऱ्याला कळायला हवं. बदलांच्या यादीत पिस्टन वितळण्यापूर्वीची तारीख होती, वेळ दुपारी सव्वा वाजताची, आणि नाव तिचं. बाबा तेव्हा घरी जेवायला गेले होते. आले की सांगू, असं मनाशी म्हटल्याचंही तिला आठवलं.

"काय गं, हँग झाला का?" मिस्त्रीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "लॅपटॉप म्हणतोय मी. की तूच?"

"बाबांचं चुकलं नव्हतं, मिस्त्री."

"म्हणजे?"

"खालचा आकडा मी बदलला होता. त्यांना सांगायचं राहिलं."

मिस्त्रीने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "आता कुणाला कळणार आहे?"

"तेच तर," ती म्हणाली.

तिने स्टूल ओढलं आणि पिस्टन उतरवला. वितळलेली कड बोटांना खरखरीत लागली. तिसऱ्या खिळ्याला तिने तो टांगला. खिळा जराही हलला नाही. बाबांनी ठोकलेला होता.

त्यांच्या खिळ्याखाली भिंतीवर पिस्टनचा काळा गोल उमटलेला होता. तिने तो फडक्याने पुसला. मग फडकं पेट्रोलमध्ये बुडवून पुसला. मिस्त्री गाडीतून उतरला आणि त्याने दुसरं फडकं पुढे केलं.