अर्ध्या जीबीची जागा

सीवूड्समधल्या सोसायटीचे चेअरमन धर्मराजकाका म्हात्रे. सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये त्यांना अर्ध्या जीबीचं एक अनोळखी पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा वेगळा कप्पा, दिसलं, म्हणून त्यांनी सहाव्या मजल्यावरच्या नमिताला बोलावलं.

“काका, हे सिस्टीमनंच केलेलं असतं. कॉम्प्युटर बंद पडला तर यातूनच पुन्हा सुरू करता येतो. असू द्या,” ती म्हणाली.

“कधीतरी लागेल म्हनून जागा रिकामी ठेवायची? येडेगिरी हाय नुसती,” असं म्हणत काकांनी अक्कल पाजळली आणि ते पार्टिशन उडवून टाकलं.

नमिता घरी जायला निघाली. या माणसाकडून तिची दुसरी अपेक्षाच नव्हती.

 

सहाव्या मजल्यावरून आगीच्या वेळी उतरायचा जिना काकांनी पाचव्यावर ग्रिल ठोकून केव्हाच आपल्या फ्लॅटला जोडून घेतला होता.