डब्यातली भर

“बत्तीस!” रिपोर्ट बघत डॉक्टर राधिका म्हणाली. “तीसच्या वरच पाहिजे होतं. मायादीदी, तुम्हाला घेतलं.”

हिरालाल मटकन बाकावर बसला. रायपूरच्या या दवाखान्यात किडनीच्या एका नव्या औषधावर संशोधन सुरू होतं. किडनीच्या कामाचा आकडा तीसच्या खाली गेलेल्याला त्यात घेत नव्हते. तो मोजायला एका दिवसरात्रीची लघवी एका डब्यात साठवून आणायची होती. आपल्या बायकोचा, मायाचा आकडा तिथवर पोचत नाही, हे हिरालालला तिच्या सुजलेल्या तोंडावरूनच कळत होतं. आजवर जो तो डॉक्टर हात वर करत आला होता. म्हणून माया आंघोळीला गेली तेव्हा, आकडा वाढावा यासाठी त्यानं डब्यात आपली लघवी मिसळली होती.

नर्सनं मायाच्या हातावर पहिली गोळी ठेवली, पाण्याचा ग्लास दिला.

“भैया, एक ध्यानात ठेवा,” राधिका म्हणाली. “ही दवाई किडनीतूनच बाहेर पडते. किडनी जास्त खराब असली, तर ती रक्तात साचत जाते. हार्टसुद्धा बंद पडू शकतं. म्हणून तर आधी मोजून घेतलं.”

हिरालालनं मायाकडे पाहिलं. ती सगळं ऐकत होती. तिनं गोळी तोंडात टाकली, ग्लास ओठांना लावला.

“थुक!” हिरालाल तिच्या अंगावर धावला. ग्लास खाली पडून फुटला. त्यानं तिचे गाल दाबून धरले. “थुक म्हणतो ना! थुक आधी!”

गोळी फरशीवर पडली. नर्स ओरडली. हिरालाल राधिकापुढं हात जोडून उभा राहिला.

“मॅडम, त्या डब्यात माही लघवी हाय. म्याच मिसळली.”

राधिकानं रिपोर्ट बाजूला ठेवला. “आता नाही घेता येणार, भैया.”

“पुन्हा मोजा ना. एक डाव!”

“मोजू. पण ते तीसच्या वर येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.”

मायानं पदरानं तोंड पुसलं. “काहून बोलले तुम्ही?” ती हळूच म्हणाली.

“अवो, डब्यात...”

“मले माहीत होतं. माह्यानं तेवढा डबा भरतच नाही.”

“आन् तरी गोळी तोंडात टाकली? हार्ट बंद पडते, ऐकलं नाही का तू?”

“ऐकलं,” माया म्हणाली. “पण कोणीतरी औषध देऊन राहिलं होतं ना मले.”

नर्सनं दार उघडून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. माया खुर्चीवरून उठली नाही.