काकूंची तयारी

“शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा. पळत यायचं नाही, गुडघे आहेत तुमचे,” काकू म्हणाल्या. “हं, आता तुम्ही करून दाखवा.”

फोरमननी कुकरचं झाकण लावलं आणि दोनदा हलवून बघितलं. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती. भट्टीची धग त्यांनी कधी मोजली नाही, पण या शेगडीपुढे त्यांना घाम फुटला. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते आणि बायको त्यांना भात लावायला शिकवत होती.

“हे कशाला आता? तू आहेस ना.”

“असू दे. यावं माणसाला.”

निवृत्तीचा बेत फोरमननी केव्हाच आखला होता. आधी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग डाव्याचं. पुढे रक्तदाब, साखर, जे काय उपटेल ते. करायला काकू होत्याच. फोरमनची आई आठ वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिच्यामागोमाग वडील. दोघांचंही सगळं काकूंनी केलं, हूं की चूं न करता. “आमच्या हिला सेवेची आवडच आहे,” असं फोरमन चारचौघांत कौतुकाने सांगत. काकू तेव्हा चहाचे कप उचलून आत जात.

कुकरवर भागलं नाही. काकूंनी त्यांना रक्तदाबाचं मशिन दंडाला बांधायला शिकवलं, गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावायला शिकवलं. बाथरूममध्ये आधाराला दांड्या बसवून घेतल्या. नळवाला माप घ्यायला लागला तेव्हा फोरमन म्हणाले, “अरे, इतक्या वर नको. हिचा हात पुरायचा नाही.”

“त्यांच्याच मापाने बसवा,” काकू म्हणाल्या.

मग कपाट रिकामं व्हायला लागलं. चांगलेचुंगले कपडे, जपून ठेवलेली भांडी, सगळं एकेकाच्या घरी गेलं.

“अगं, काय चाललंय काय?”

“एवढं सगळं बरोबर घेऊन कुठे जायचंय?”

फोरमन हसले. पण ते हसू फार टिकलं नाही. गुडघा दाखवायला हॉस्पिटलात गेले असताना तपासणीच्या एका खोलीतून काकू बाहेर येताना त्यांना दिसल्या. सोबत लेक होती. लेक डोळे पुसत होती आणि काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. फोरमन खांबाआड झाले. का झाले, ते त्यांनाही कळलं नाही.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, “आज कुठे गेली होतीस?”

“कुठे नाही. बाजारात.”

इतक्या वर्षांत काकू त्यांच्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. फोरमननी लेकीला फोन लावला.

“बाबा, मला नका विचारू,” ती म्हणाली. “आई सांगेल. तिला वेळ द्या.”

मुलाला लावला. तो म्हणाला, “बाबा, तिने फार काढलंय. आता तरी तिच्या मनासारखं होऊ द्या.”

आता सांगायचं काय उरलं होतं? सगळ्यांना ठाऊक होतं, अंधारात एकटे तेच होते. पोरांनीसुद्धा आपल्याला परकं केलं, हे त्यांना फार लागलं. पण रागवायची ही वेळ नव्हती.

मॅनेजरनी त्यांना अजून दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं. फोरमन त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, “साहेब, जमायचं नाही. घरात दुखणं आहे.” येताना त्यांनी ऑपरेशनही रद्द केलं. गुडघे काय, कुरकुरत राहतील.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा फोरमन करायला लागले. पहिल्या दिवशी साखर विसरली. काकू तो मुकाट्याने शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. संध्याकाळी फोरमन खाली बसले, गुडघे कटकट वाजले, आणि त्यांनी काकूंचे पाय मांडीवर घेतले.

“अहो, हे काय भलतंच!”

“आजवर तू केलंस. आता माझी पाळी.”

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. पुढचे काही दिवस त्या हातातलं काम टाकून नवऱ्याकडे बघत राहायच्या, ओळखीचा माणूस नव्याने दिसावा तशा.

कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी निरोपाची भाषणं सोडून फोरमन लवकर घरी आले. दारात बॅग भरून ठेवली होती. खाली टॅक्सी थांबली होती. लेक खुर्चीत बसली होती, ती उठून उभी राहिली. काकू चप्पल घालत होत्या.

“आजच नेताय?” फोरमन म्हणाले. “थांबा, मी येतो. हॉस्पिटलात तिच्याजवळ मी राहणार.”

“हॉस्पिटलात?” काकू म्हणाल्या.

“लपवू नकोस गं. मला सगळं कळलंय. त्या दिवशी तपासणीला गेली होतीस, मी बघितलं. एवढंच सांग, किती दिवस आहेत?”

काकू लेकीकडे बघत राहिल्या. लेकीने मान खाली घातली. मग काकू हळूच खुर्चीवर बसल्या.

“म्हणजे तो चहा,” त्या म्हणाल्या, “ते पाय दाबणं... मी मरणार म्हणून?”

फोरमननी दारातल्या बॅगेकडे बघितलं.

“आणि मी वेडी. पाय निघत नव्हता माझा. आज सकाळी हिला म्हणाले, टॅक्सी नको बोलावू. हिनेच बोलावली.” काकू उठल्या. त्यांनी बॅग उचलली. “तुमच्यासाठी सकाळ-संध्याकाळ एक बाई येईल. मी धाकट्या बहिणीकडे चाललेय, कायमची. त्या दिवशी निघण्याआधी एकदा तपासून घेतलं, मी जाणार म्हणून ही रडली. डॉक्टर म्हणाले, बाई, तुमची तब्येत ठणठणीत आहे, अजून वीस वर्षं तुम्हाला काही होत नाही. म्हणून तर निघाले.”